कार्ड रीडर लावायचा कसा आणि मुख्य म्हणजे काढायचा कसा

गणपतीला चाकरमानी गावी आले की घरात तीनचार प्रकारची कार्डं सहज जमा होतात. मुंबईच्या भाच्याच्या डीएसएलआरचं एसडी, कोणाच्या तरी ड्रोनमधलं नखाएवढं मायक्रोएसडी, आणि काकांचा तो वीस वर्षांपूर्वीचा डिजिटल कॅमेरा, ज्यातलं एक्सडी कार्ड आता दुकानात मागितलं तर पोरगा तोंडाकडे बघत राहतो. विसर्जनाच्या आत सगळ्यांचे फोटो सगळ्यांना हवे असतात आणि कॅमेऱ्याची केबल अर्थातच डोंबिवलीला राहिलेली असते. अशा वेळी तो तळहातावर मावणारा, चारपाच खाचा असलेला कार्ड रीडर कामाला येतो. केबलपेक्षा तो मला तसाही बरा वाटतो, कारण कॅमेऱ्याची बॅटरी खर्च होत नाही, रीडर कॉम्प्युटरच्या यूएसबीवरच चालतो, वेगळा चार्जर लागत नाही आणि बहुतेक वेळा कॉपी पण लवकर होतं.

वस्तू साधी आहे म्हणून कोणी नीट बघत नाही आणि मग "फोटो गेले" म्हणून फोन येतात. माझा अनुभव असा की लावताना फार काही बिघडत नाही, जे काय घोळ होतात ते कॉपी चालू असताना आणि कार्ड बाहेर काढताना. म्हणून लावायचं थोडक्यात सांगतो आणि पुढचं जरा सविस्तर.

आधी खाचा ओळखा. रीडरवर बारीक अक्षरात छापलेलं असतं, ते वाचायला मोबाईलचा टॉर्च लावा, लाज नाही त्यात. सगळ्यात मोठी रुंद खाच सीएफ म्हणजे कॉम्पॅक्टफ्लॅशची. हे १९९४ सालचं जुनं घराणं, लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओवाल्यांकडे अजून सापडतं. त्याच्या आत ५० बारीक पिना असतात आणि त्या रीडरमधे असतात, कार्डात नाही, कार्डाला फक्त भोकं. त्यामुळे कार्ड तिरकं घालून दाबलं की पिन वाकते आणि वाकलेली पिन सरळ करायला गेलात की बहुतेक वेळा तुटतेच. हे एक कार्ड मात्र घालताना जपायचं, सरळ सरकवा, अडलं की थांबा, बाहेर काढून उलटं करून बघा. एसडीची खाच साधारण २४ मिलिमीटर रुंद, तिथेच जुनं एमएमसी पण चालतं. एमएस लिहिलंय ती सोनीच्या मेमरी स्टिकची. एक्सडी ती ऑलिम्पस आणि फुजीच्या जुन्या कॅमेऱ्यांची. आणि टीएफ लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका, टीएफ म्हणजेच मायक्रोएसडी, जुनं नाव आहे ते.

मायक्रोएसडी चुकून मोठ्या खाचेत घालू नका, आत पडतं आणि मग चिमट्याने काढत बसा. रीडरला टीएफची खाच नसेल तर कार्डाबरोबर मिळालेला तो एसडीच्या आकाराचा अडॅप्टर वापरा. त्यात कसलीही चिप वगैरे नसते, नुसत्या तारा जोडलेल्या असतात, त्यामुळे एक बिघडला तर दुसरा घ्यायचा, कार्डाला काही झालेलं नसतं. कार्ड वाचत नाही म्हणून रडण्याआधी अडॅप्टर बदलून बघा, निम्म्या वेळा तोच मेलेला असतो.

आणखी एक गोष्ट, कॅमेऱ्यात एसडी कार्ड घातलं की टक् आवाज होऊन पूर्ण आत जातं, बऱ्याच छोट्या रीडरमधे तसं होत नाही. कार्ड थोडं, कधी कधी अर्धं पण बाहेर राहतं आणि ते तसंच राहायचं असतं. लोकांना वाटतं गेलं नाही नीट म्हणून अंगठ्याने दाबतात. दाबू नका. सोनेरी पट्ट्यांची बाजू वर की खाली ते पण रीडरप्रमाणे बदलतं, त्यावर छोटं चित्र असतं ते बघा, नसेल तर एका बाजूने हलकेच घालून बघायचं, नाही गेलं तर दुसऱ्या.

आता कॉम्प्युटरला लावणे. डेस्कटॉप असेल तर शक्यतो मागच्या पोर्टला लावा. आपल्याकडे खाऱ्या हवेने पुढचे पोर्ट लवकर गंजतात, त्यात पुढच्या पोर्टची वायर आतून लांबून आलेली असते, रीडर मधेच डिस्कनेक्ट होतो आणि दोष कार्डाला जातो. आतली जीभ निळी असलेला पोर्ट बहुतेक यूएसबी ३ चा, रीडर पण ३ चा असेल तर त्यातच लावा. फरक किती पडतो ते सांगतो. यूएसबी २ वर प्रत्यक्षात सेकंदाला ३० एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे लग्नात भरलेलं ६४ जीबीचं कार्ड उतरवायला अर्ध्या तासाच्या वर. तेच चांगलं कार्ड यूएसबी ३ च्या रीडरमधे ९० एमबीने चाललं तर बारा मिनिटांच्या आसपास. चहा होतोय तोवर काम झालं. कार्डावर १७० किंवा २०० एमबी असं छापलेलं असतं त्याला मात्र फार भुलू नका, यूएचएस-१ या वेगाच्या प्रकारातल्या साध्या कार्डाची ठरलेली मर्यादा १०४ एमबीची आहे, त्याच्या वरचा आकडा त्या कंपनीचा खास रीडर असेल तरच दिसतो.

पहिल्यांदा लावलात की विंडोज आपलं आपण ड्रायव्हर घालून घेतं, सीडी बिडी काही लागत नाही, अर्धा मिनिट थांबायचं बस. मग धिस पीसी उघडलं की कधी कधी चार नवीन ड्राइव्ह दिसतात, जी, एच, आय, जे. वाडीतल्या एकाने मला यावरूनच विचारलं होतं, "चार चार ड्राइव्ह दिसतत पण एकातय कायेक नाय, बिघाडलो काय रे ह्यो?" बिघडलेला नाही. रीडरला जेवढ्या खाचा तेवढे ड्राइव्ह, रिकाम्या खाचेवर क्लिक केलं की डिस्क घाला म्हणून सांगतो. ज्यात कार्ड आहे त्याच्यापुढे साइज दिसते, तो उघडायचा. उलट काही कॉम्प्युटरवर रिकामे ड्राइव्ह लपवायचं सेटिंग चालू असतं, तिथे कार्ड घातल्यावरच ड्राइव्ह दिसतो, ते पण बरोबरच आहे. आणि स्वस्तातल्या काही रीडरमधे दोन कार्डं एकदम घातली तर एकच वाचलं जातं, म्हणून एका वेळी एकच कार्ड घालायची सवय चांगली.

इथे एक चौकट येऊ शकते, की हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करा, म्हणजे सगळं पुसून कोरा करा. कॅन्सल. डोळे मिटून कॅन्सल. लोक ओके दाबतात कारण समोर तेच मोठं बटण असतं. या चौकटीचा अर्थ कार्ड मेलं असा नेहमीच नसतो, बऱ्याचदा कॉम्प्युटरला किंवा रीडरला ते कार्ड समजत नाहीये एवढंच. एसडीचे प्रकार आहेत, २ जीबीपर्यंत साधं एसडी, त्यावर ३२ जीबीपर्यंत एसडीएचसी जे २००६ ला आलं, आणि त्याच्या वर एसडीएक्ससी. फार जुना रीडर असेल तर २ जीबीच्या वरचं कार्ड त्याला कळतच नाही. एसडीएक्ससी कार्डं एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली येतात, ती जुन्या विंडोज एक्सपीच्या कॉम्प्युटरवर वेगळा अपडेट टाकल्याशिवाय उघडत नाहीत, आणि बाजारपेठेतल्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात अजून एक्सपी चालू असलेलं दिसलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. तिसरं कारण फोनचं. अँड्रॉइड फोनमधे कार्ड घालताना इंटर्नल स्टोरेज म्हणून वापरा असं निवडलं असेल तर फोन ते कार्ड कुलूपबंद करतो, ते दुसऱ्या कुठल्याच रीडरमधे वाचता येत नाही, कॉम्प्युटर फॉरमॅट मागणारच. असं कार्ड गपचूप परत त्याच फोनमधे घालायचं आणि फोन केबलने जोडून फोटो काढून घ्यायचे. तेव्हा आधी दुसरा रीडर, दुसरा कॉम्प्युटर, ज्यातून काढलं तो कॅमेरा किंवा फोन, हे सगळं करून बघा. फॉरमॅटचा विचार त्याच्यानंतर.

कॉपी करण्याआधी कॉम्प्युटरवर एक फोल्डर बनवा आणि नाव देताना आधी वर्ष मग महिना मग तारीख, म्हणजे "२०२५-०८-२७ गणपती" असं, की मग कितीही वर्षांचे फोल्डर जमले तरी आपोआप क्रमाने लागतात. "नवीन फोटो", "नवीन फोटो २", "फायनल" असली नावं देऊ नका, शिमग्यापर्यंत तुम्हालाच कळणार नाही कशात काय आहे.

कार्ड उघडलं की डीसीआयएम नावाचा फोल्डर दिसतो, फोटो त्यात असतात. पण फक्त तोच उचलू नका. काही कॅमेरे, सोनीचे विशेषतः, व्हिडिओ प्रायव्हेट नावाच्या वेगळ्या फोल्डरमधे ठेवतात. नमन-खेळ्यांचे किंवा जत्रेतल्या दशावताराचे अख्ख्या रात्रीचे शूटिंग असेल आणि डीसीआयएममधे नुसते फोटोच दिसले तर व्हिडिओ तिथे असणार. सगळ्यात सोपं म्हणजे कंट्रोल ए करून कार्डावर आहे ते सगळं उचलायचं, नको ते नंतर काढता येतं.

आणि उचलताना कंट्रोल सी. कंट्रोल एक्स नाही. कट करायचा मोह होतो कारण कार्ड रिकामं पण होतं आणि फोटो पण येतात, एका दगडात दोन पक्षी. पण आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येतं का? भाद्रपदात वाऱ्याची एक झुळूक आली, नारळाची झावळी तारेवर पडली की गेली, आणि घरच्या डेस्कटॉपला यूपीएस असतोच असं नाही. कट करताना विंडोज एकेक फाईल तिकडे लिहितं आणि इकडची पुसत जातं. तिकडे लिहिलेलं सगळं डिस्कवर पक्कं उतरलेलं असतंच असं नाही, काही भाग अजून कॉम्प्युटरच्या मेमरीतच असतो, आणि नेमक्या त्या क्षणी लाईट गेली तर ते फोटो इकडे पण नाहीत आणि तिकडे पण अर्धवट. वर कार्डावर पण लिहिणं चालू होतं त्यामुळे त्यावर कुठली फाईल कुठे आहे ती यादीच बिघडू शकते, मग अख्खं कार्ड उघडत नाही. नुसतं कॉपी करत असाल तर लाईट गेली तरी कार्ड जसंच्या तसं, परत लाईट आली की परत कॉपी. लॅपटॉप असेल तर बॅटरी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, सवय एकच ठेवा. इम्पोर्ट करणाऱ्या काही प्रोग्रॅममधे पण इम्पोर्ट झाल्यावर मूळ फोटो डिलीट करा असा पर्याय असतो, त्याची टिक काढून टाका.

कॉपी झालं की लगेच कार्ड ओढू नका. कार्डावरचं सगळं सिलेक्ट करून राइट क्लिक, प्रॉपर्टीज, फाईल किती आणि साइज किती ते बघा, मग कॉम्प्युटरवरच्या फोल्डरचं तेच बघा. फाईलचा आकडा आणि साइज दोन्ही जुळले पाहिजेत. साइज ऑन डिस्क म्हणून खाली आणखी एक आकडा असतो तो जुळत नाही, जुळायची गरज पण नाही. मग दोनचार फोटो उघडून बघा, पहिले नाही तर शेवटचे, आणि सगळ्यात लांब व्हिडिओ शेवटपर्यंत सरकवून बघा. एक मिनिटाचं काम आहे. जमलं तर त्याच बैठकीत बाहेरच्या हार्ड डिस्कवर पण एक प्रत टाका.

एक चक्रम अडचण इथे येते, पेन ड्राइव्हवर कॉपी करायला गेलात तर मोठा व्हिडिओ जात नाही, जागा असून सुद्धा फाईल फार मोठी आहे म्हणतो. तो पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, त्यात ४ जीबीच्या वरची एक फाईल बसत नाही. पेन ड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमधे फॉरमॅट करा. पेन ड्राइव्ह बरं का, कार्ड नाही. फॉरमॅटच्या खिडकीत ड्राइव्हचं अक्षर दोनदा बघा.

आता काढणे. धिस पीसीमधे त्या कार्डाच्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून इजेक्ट. असं केलं की फक्त कार्ड मोकळं होतं, रीडर तसाच राहतो आणि दुसऱ्याचं कार्ड लगेच घालता येतं. खाली घड्याळाजवळच्या आयकॉनवरून इजेक्ट केलात तर काही वेळा अख्खा रीडर बंद होतो, मग परत काढून लावावा लागतो. डिव्हाइस वापरात आहे असं म्हणाला तर कुठेतरी त्या कार्डावरचा फोटो उघडा असतो, तो बंद करा. रीडरचा दिवा लुकलुकत असेल तोवर हात लावायचा नाही.

आता कोणीतरी म्हणेल आम्ही कधीच इजेक्ट करत नाही आणि काही होत नाही. खरं आहे, विंडोज १० च्या २०१८ च्या एका अपडेटपासून अशा ड्राइव्हवर लिहिलेलं साठवून न ठेवता लगेच उतरवायची पद्धत डिफॉल्ट झाली, त्यामुळे नुसतं वाचून काढलं तर सहसा काही होत नाही. पण मॅकवर तसं नाही, मॅक स्वतःच्या बारीकसारीक फाईली कार्डावर गुपचूप लिहीत असतो. लिनक्स पण लिहिणं मागे ठेवतो, कॉपी झाल्याचं दाखवून सुद्धा आत काम चालू असतं. शाळेत वगैरे उबुंटू असलेले कॉम्प्युटर असतात तिथे हे लक्षात ठेवा.

कार्ड रिकामं करायचं असेल तर ते कॅमेऱ्यात घालून कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करा, त्याला हवी तशी फोल्डरची मांडणी तोच करतो. कॉम्प्युटरवरून डिलीट करण्यात दोन भानगडी. विंडोजवर कार्डावरून डिलीट केलेलं रीसायकल बिनमधे जात नाही, थेट गेलंच. आणि मॅकवर उलट, डिलीट केलं तरी ते कार्डावरच्याच लपलेल्या कचऱ्याच्या डब्यात पडून असतं, ट्रॅश रिकामी करेपर्यंत कार्ड भरलेलंच दाखवतं. चुकून डिलीट झालंच तर त्या कार्डावर एकही नवीन फोटो काढू नका, बाजूला काढून ठेवा. फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, दिसायला काळी खिडकी आणि पांढरी अक्षरं, पण काम करतो. परत मिळालेले फोटो त्याच कार्डावर न लिहिता कॉम्प्युटरच्या डिस्कवर घ्यायचे. नावं आणि फोल्डर सहसा परत मिळत नाहीत, फोटो मिळतात.

एसडी कार्डाच्या डाव्या कडेला तो छोटा खटका असतो ना, लॉक लिहिलेला, तो लोक फक्त शिव्या घालण्यापुरता ओळखतात कारण चुकून खाली सरकला की कॅमेरा फोटो काढत नाही. पण बाजारपेठेत प्रिंट काढायला कार्ड देताना तो मुद्दाम खाली सरकवून द्या. दुकानातल्या कॉम्प्युटरवर दिवसभर शंभर जणांचे पेन ड्राइव्ह लागतात, तिथला तो शॉर्टकटवाला व्हायरस कार्डात आला की सगळे फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी शॉर्टकट. लॉक असेल तर बहुतेक रीडर कार्डावर लिहू देत नाहीत. मायक्रोएसडीला खटका नसतो पण अडॅप्टरला असतो, म्हणून दुकानात अडॅप्टरमधे घालूनच द्या. आणि तो व्हायरस आलाच असेल तर घाबरू नका, शॉर्टकटवर क्लिक न करता व्ह्यूमधे जाऊन हिडन आयटम्सवर टिक करा, मूळ फोल्डर बहुतेक तिथेच लपवलेले असतात. तरी दिसले नाहीत तर फोल्डर ऑप्शन्समधे प्रोटेक्टेड फाईल लपवा अशी टिक असते, ती पण काढून बघा. फोटो कॉपी करून घ्या, मग कार्ड फॉरमॅट. खटका तुटून पडला असेल तर कार्ड कायमचं लॉक झाल्यासारखं वागतं, त्या खाचेवर सेलोटेपचा बारीक तुकडा लावला की परत लिहिता येतं, फक्त टेप कोपऱ्यात सुटलेली नको, नाहीतर आत अडकते.

पावसाळ्याचं सांगायलाच हवं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे रीडरच्या पत्र्याचं काय. खाचेतल्या पट्ट्यांवर हिरवट किंवा काळपट थर आला की कार्ड कधी लागतं कधी नाही. रीडर आणि कार्डं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, नवीन बुटांच्या खोक्यातल्या पण चालतात. तांदळात ठेवू नका, त्याची पूड खाचेत जाते. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या पुसल्या आणि कण झटकले की पुष्कळदा मेलेलं कार्ड उठतं. रीडरच्या खाचेत तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा जातो, लेन्सचा हवेचा पंप वापरा. तारकर्लीला किंवा गुहागरला किनाऱ्यावर उभं राहून कार्ड बदलायचं टाळाच, वाळूचा एक कण कार्डाबरोबर आत गेला की कॅमेऱ्याची आणि नंतर रीडरची, दोन्हीकडची पट्टी खरवडतो. कार्ड समुद्राच्या पाण्यात पडलं असेल तर लगेच रीडरमधे घालून बघायची घाई करू नका, गोड्या स्वच्छ पाण्यातून काढा, पुसा, पंख्याखाली दोन दिवस वाळू द्या, मग घाला. कडक उन्हात नको.

कॉम्प्युटर नसेल तर टाइप-सीचा छोटा रीडर फोनला लावून पण हेच सगळं होतं, फाईल्स ॲपमधे कार्ड वेगळं दिसतं. काढताना तिथे पण इजेक्टची खूण असते ती दाबायची. फक्त फोनमधे जागा किती शिल्लक आहे ते आधी बघा, ड्रोनचे व्हिडिओ दहा मिनिटांत फोन भरून टाकतात.

नवीन घ्यायचा असेल तर एसडी आणि मायक्रोएसडी दोनच खाचांचा यूएसबी ३ चा रीडर बहुतेकांना पुरतो, पाचसहाशे रुपयांच्या आतबाहेर चांगला मिळतो. पण घरात जुना कॅमेरा असेल, मोठ्यांचे, गेलेल्या माणसांचे फोटो अजून एक्सडी नाहीतर मेमरी स्टिकमधेच पडून असतील तर आधी ते उतरवून घ्या, कारण हल्लीच्या रीडरमधे ती खाच येईनाशी झालीय आणि वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कार्डातला डेटा पण आपोआप खराब होऊ शकतो. ऑल-इन-वन एवढं वाचून घेऊ नका, खोक्यावरच्या चित्रात सगळीच कार्डं काढलेली असतात. दुकानात रीडर हातात घ्या, खाचेवर एक्सडी छापलंय का ते बघा, आणि जुनं कार्ड बरोबर नेलं असेल तर तिथेच एकदा लावून दाखवायला सांगा.